जाळीचे रायडिंग जॅकेट: नऊ महिने, ११ हजार किलोमीटर आणि थरचे वाळवंट

गेल्या सप्टेंबरात ठाण्यातील एका दुकानातून मी जाळीचे रायडिंग जॅकेट घेतले, तेव्हा माझा हिशेब साधा होता. कासारवडवलीहून ऐरोलीच्या कार्यालयात जाताना घोडबंदर रस्ता, माजिवडा, कळवा पूल आणि विटावा असा माझा रोजचा प्रवास असतो. त्यातला निम्मा वेळ ट्रक आणि टँकर यांच्या मध्ये अडकून उभे राहण्यात जातो. जाड कापडाच्या जुन्या जॅकेटात घामाने अंग इतके निथळत असे की ऑक्टोबर उजाडला की मी ते खुंटीला टांगून नुसत्या कुडत्यावर गाडी चालवू लागे. संरक्षणासाठी घेतलेली वस्तू उकाड्यामुळे घरीच राहत असेल, तर ती कितीही चांगली असली तरी अपघाताच्या दिवशी अंगावर नसणार, हे मला कळत होते आणि म्हणून जाळी हवी होती.

आज नऊ महिन्यांनंतर या जॅकेटने माझ्याबरोबर साधारण ११ हजार किलोमीटर अंतर कापले आहे. त्यांपैकी ३,२०० किलोमीटर मार्चच्या उत्तरार्धात, कच्छ आणि पश्चिम राजस्थानच्या वाळवंटातून, आम्ही चौघांनी चार मोटरसायकलींवर बारा दिवसांत पार केले. जॅकेटविषयी मला जे कळले त्यातील बहुतेक त्या बारा दिवसांत कळले. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकते: ठाण्याच्या हवेत जे जॅकेट वरदान वाटते, तेच कोरड्या, कडक उन्हात जसेच्या तसे वापरले तर आजारी पाडू शकते.

कंपनीचे नाव मी येथे देत नाही. याच बांधणीची जॅकेटे अनेक कंपन्या विकतात आणि मला बांधणीविषयी व वापराविषयी लिहायचे आहे. माझे जॅकेट फिकट करड्या रंगाचे आहे. छाती, पाठ आणि बाह्यांच्या आतल्या बाजूला मोठ्या छिद्रांची पॉलिस्टरची जाळी आहे. खांदे आणि कोपर येथे, म्हणजे पडल्यावर जे भाग आधी रस्त्याला लागतात तेथे, जाड विणीचे कापड आहे. खांद्यांत व कोपरांत आघात झेलणारी, काढता येणारी कवचे आहेत. आत चेनने जोडता येणारी दोन अस्तरे मिळाली, एक पावसाचे आणि एक वारा अडवणारे. किंमत साडेनऊ हजार रुपये पडली.

खरेदी करताना दुकानदार सीई, म्हणजे युरोपीय प्रमाणपत्राचा शिक्का दाखवतात आणि आपण मान डोलावतो, पण तो शिक्का नेमका कशाचा आहे हे पाहणे आवश्यक आहे. पूर्ण जॅकेटासाठी ईएन १७०९२ हे युरोपीय मानक आहे आणि त्यात ट्रिपल ए, डबल ए आणि ए अशा उतरत्या श्रेणी आहेत. जाळीची जॅकेटे बहुधा खालच्या श्रेणीत बसतात, कारण घासले गेल्यावर जाळी जाड कापडाइतकी टिकत नाही. कवचांसाठी ईएन १६२१ हे वेगळे मानक आहे. ठरावीक जोराचा आघात केल्यावर कोपराच्या किंवा खांद्याच्या कवचातून पलीकडे पोहोचणारे बल सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर कवच पहिल्या पातळीचे आणि २० पर्यंत असेल तर दुसऱ्या पातळीचे. पाठीच्या कवचासाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत. माझ्या जॅकेटातील कवचे पहिल्या पातळीची होती, आणि पाठीच्या कप्प्यात तर कवच नसून नुसता स्पंजचा तुकडा होता. हा प्रकार या किमतीच्या अनेक जॅकेटांत आढळतो. मी पहिल्याच आठवड्यात तो काढून दुसऱ्या पातळीचे पाठकवच वेगळे घेतले, आणि तो खर्च किमतीत धरूनच निर्णय घ्यावा असे मला वाटते.

ठाण्यातील वापराबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. गाडी ताशी ३० किलोमीटरच्या वर गेली की वारा सरळ अंगाला लागतो आणि घाम सुकू लागतो. ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये मी एकही दिवस जॅकेट घरी ठेवले नाही, आणि ज्या कामासाठी ते घेतले होते ते काम तेथेच झाले. वाहतूक थांबली की मात्र जाळीचा काही उपयोग राहत नाही. माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली उभे असताना ते इतर कोणत्याही जॅकेटाइतकेच गरम होते.

मार्चच्या प्रवासाची आखणी आम्ही दोन महिने करत होतो. बरोबर कळव्याची एक मैत्रीण, कार्यालयातील एक सहकारी आणि मूळचा अकोल्याचा, आता खारघरला राहणारा एक मित्र होता. घोडबंदर रस्त्याने थेट अहमदाबाद महामार्गाला लागता येते, हा ठाणेकरांचा मोठा फायदा आहे. वडोदऱ्याहून अहमदाबादला जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने आणंद-नडियादच्या जुन्या रस्त्याने जावे लागते, हे लक्षात ठेवून वेळ धरावा. दुसऱ्या दिवशी भूज आणि तिसऱ्या दिवशी खावड्यावरून धोळावीरा. पांढऱ्या रणातून जाणाऱ्या या सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना मिठाची पापडी क्षितिजापर्यंत पसरलेली असते. त्या दिवशी वारा चांगला होता, ऊन सोसवण्यासारखे होते आणि जॅकेटाने मन जिंकले. धोळावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरले. मनसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांचे पाणी अडवून साठवणारे तेथील दगडी जलाशय पाहताना मला एवढेच जाणवले की, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी या मुलखात राहणाऱ्यांनी आधी पाण्याचा विचार केला होता आणि मग घरांचा. आम्ही मात्र जॅकेट, बूट आणि टायर यांवर दोन महिने चर्चा करून पाण्याला त्या मानाने फारच थोडा वेळ दिला होता. त्याची किंमत पाचव्या दिवशी चुकवावी लागली.

चौथा मुक्काम थराडला होता आणि पाचव्या दिवशी सांचोरमार्गे बाडमेर गाठायचे होते. अंतर जेमतेम १८० किलोमीटर, म्हणून सकाळी घाई केली नाही, त्यात सहकाऱ्याच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला आणि निघायला साडेदहा वाजले. दुपारी बाराच्या पुढे गाडीच्या मीटरवर ४० अंश दिसू लागले. आश्चर्य म्हणजे मला फार उकडत नव्हते. अंग कोरडे होते, शर्ट कोरडा होता, वारा जाळीतून भरभरून येत होता, आणि कार्यालयातील सहकारी त्याच्या जाड जॅकेटात घामाघूम झालेला पाहून मला माझ्या निवडीचे समाधान वाटत होते. गांधवजवळ लुणी नदीचे कोरडे पात्र ओलांडले तेव्हा कपाळ ठणकू लागले. त्यानंतर अर्ध्या तासात तोंड इतके कोरडे पडले की जीभ टाळूला चिकटली, आणि समोरचा ट्रक ओलांडताना मी दोनदा चुकीचा गिअर टाकला. अकोल्याच्या मित्राने माझी गाडी डुलताना पाहिली आणि हात करून सगळ्यांना एका खेजडीखाली थांबवले. खेजडी म्हणजे आपली शमी. त्या रस्त्यावर सावली मिळते ती बहुतेक तिचीच, आणि तीही विरळ.

त्याने माझ्या काळ्या टी-शर्टाकडे बोट दाखवले. खांद्यापासून कमरेपर्यंत मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. "अगं, तुला घाम येत नाही असं नाही, तो दिसायच्या आधी वाळतोय," तो म्हणाला. "आमच्याकडे मे महिन्यात कुणी असं उघडं बाहेर पडतं का? दुपट्टा डोक्याला, तोंडाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मग बाहेर." त्याचे म्हणणे किती बरोबर होते हे मला नंतर नीट समजले.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर अंगावर येणारा वारा उष्णता घेऊन जातो, पण हवाच ४० अंशांची असेल तर तोच वारा अंगाला उष्णता देऊन जातो. मग शरीराजवळ थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. ही ताकद फार मोठी आहे, परंतु त्यासाठी शरीरात तेवढे पाणी असावे लागते. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात, कोरड्या हवेत, जाळीतून घाम इतक्या झपाट्याने उडतो की त्वचा सतत कोरडी राहते, गरम वारा मात्र येतच राहतो, आणि गमावलेल्या पाण्याची जाणीव ओल्या शर्टाने होते तशी होत नाही. विदर्भात ज्या कूलरने घर गार होते, तोच कूलर ठाण्यात लावला तर भिंती ओल्या होतात आणि उकाडा वाढतो, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. जॅकेटाचेही तसेच आहे, फक्त दिशा उलटी. ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही म्हणून जितका वारा मिळेल तितका हवा असतो. थरच्या कोरड्या हवेत घाम आपोआप वाळतो, तेथे वारा मोजून घ्यावा लागतो.

त्या झाडाखाली आम्ही जवळजवळ तासभर बसलो. पाण्यात ओआरएसची पुडी कालवून मी थोडे थोडे पिऊन जवळपास दीड लिटर संपवले. मग मित्राच्या सांगण्यावरून सुती टी-शर्ट बाटलीतल्या पाण्याने चिंब भिजवून पुन्हा घातला, वर जॅकेट, आणि जॅकेटाच्या आत वारा अडवणारे अस्तर लावले. चाळीस अंशांत अस्तर लावायला माझे मन तयार होत नव्हते. गळ्याची चेन चार बोटे उघडी आणि मनगटाच्या पट्ट्या सैल ठेवल्या, म्हणजे थोडाच वारा आत शिरून ओल्या कापडावरून फिरेल. बाडमेरपर्यंतचा उरलेला रस्ता मला अक्षरशः गारवा जाणवत होता. नुसत्या जाळीत भिजवलेला शर्ट पंधरा मिनिटांत खडखडीत वाळतो, अस्तरासह तो पाऊण तास ओला राहिला. पुढचे पाचही दिवस आम्ही चौघांनी हाच क्रम पाळला: सकाळी नऊपर्यंत जमेल तेवढे अंतर, नंतर दर पाऊण तासाला थांबून शर्ट भिजवणे, पाणी पिणे, आणि दुपारी एक ते चार सावलीत. ओआरएस संपल्यावर मैत्रिणीने घरून आणलेले कोकम मीठ-साखर-जिरे घालून बाटलीत भरले आणि ते पिण्याचा कंटाळा कधी आला नाही. नुसते साधे पाणी मात्र लिटरांनी पीत राहू नये, घामावाटे मीठही जाते.

एक गोष्ट स्पष्ट करते. हा उपाय कोरड्या हवेचा आहे. परतताना भरूचच्या पुढे हवा दमट झाल्यावर मी अस्तर लावूनच चालले होते, तर दहा मिनिटांत जीव गुदमरल्यासारखा झाला आणि अस्तर काढावे लागले.

पाण्याच्या पिशवीबद्दलही थोडे सांगायला हवे. पाठीवर घेण्याची नळीची पिशवी सोयीची वाटते, चालत्या गाडीवर घोट घेता येतो, पण ती पाठीच्या जाळीला पूर्ण झाकते आणि आतले पाणी तासाभरात चहाइतके गरम होते. सहाव्या दिवसापासून मी ती टाकीवरच्या बॅगेत ठेवून नळी वर ओढून घेतली. पाठ मोकळी झाली आणि खांद्यांवरचा ताणही गेला.

सातव्या दिवशी जैसलमेरहून रामगढमार्गे तनोट आणि तेथून लोंगेवाला असा फेरा होता. पहाटे निघालो तेव्हा थंडी होती, आणि त्याच जाळीतून ती थेट हाडांपर्यंत पोहोचली. वारा अडवणारे अस्तर तेथे त्याच्या मूळ कामासाठी उपयोगी पडले, तरी आत एक पातळ स्वेटर हवाच होता. जैसलमेरच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यात आडवा वारा जोराचा असतो, आणि माझ्या मापापेक्षा किंचित सैल असलेले जॅकेट पोटापाशी फडफडत राहिले.

तनोट ते लोंगेवाला हा रस्ता चांगला डांबरी आहे, पण टेकाडांच्या मधून जाताना काही ठिकाणी वाळू सरकत सरकत डांबरावर आलेली असते. अशाच एका वळणावर मी वेग कमी करून ३० च्या आत आले होते. पुढचे चाक वाळूत शिरताच मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. चूक माझीच होती. मी उजव्या कोपरावर आणि नितंबावर पडून दोन-तीन फूट घसरले. हातमोजे, बूट आणि हेल्मेट यांमुळे इतर कोठे खरचटलेही नाही. कोपरावर मात्र लिंबाएवढी गाठ आली, कारण कवच कोपरावर नव्हतेच. सैल बाहीत ते फिरून आतल्या बाजूला गेले होते. लोंगेवाल्याच्या युद्धस्मारकाजवळ, डिसेंबर १९७१ मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने ज्या जागी रात्रभर रणगाडे रोखून धरले तेथून जवळच, मैत्रिणीने माझ्या हातावर थंड पाण्याचा रुमाल बांधला आणि जॅकेट उलटे करून पाहिले. कोपराचे जाड कापड नुसते घासले होते, फाटले नव्हते. ते कापड आणि जाळी जेथे जोडली आहे ती शिवण मात्र दोन इंच उसवली होती. त्या वेगाला एवढे नुकसान झाले, तर ताशी ८० च्या वेगाने घसरल्यावर ती शिवण किती टिकली असती, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. ज्यांचा बहुतांश प्रवास महामार्गावर वेगाने होतो त्यांनी जाळी घेण्याआधी हा मुद्दा गांभीर्याने विचारात घ्यावा.

कवच फिरण्याचे कारण मापात आहे, आणि येथे स्त्रियांच्या दृष्टीने मला विशेष सांगायचे आहे. दुकानात स्त्रियांच्या बांध्याचे जाळीचे जॅकेट नव्हते, म्हणून मी पुरुषांचे लहान माप घेतले. खांद्यांना ते बरोबर बसले, पण बाह्या लांब आणि रुंद, नितंबांपाशी घट्ट आणि पोटाशी सैल. आरशासमोर उभे राहून हे कळत नाही. गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून, दुसऱ्या कोणाला तरी कोपराचे कवच पकडून फिरवायला सांगावे. ते कोपरावरून सरकले तर ते जॅकेट घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. दंडावर आणि कोपराखाली बटणांच्या पट्ट्या असतात, त्या मी पहिल्या दिवशी सैल लावल्या आणि नंतर पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. परत आल्यावर त्या आवळल्या, दोन्ही बाह्या शिंप्याकडून आतून अरुंद करून घेतल्या आणि कोपरांत दुसऱ्या पातळीची कवचे बसवली. आता ती हलत नाहीत. शिवणही त्याच शिंप्याने जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी घालून दिली.

रणाचे मीठ आणि थरची बारीक धूळ यांनी चेनला सर्वाधिक त्रास दिला. जैसलमेरजवळ समच्या वाळूच्या टेकड्यांवर एक संध्याकाळ काढल्यानंतर मुख्य चेन अडखळू लागली. मी जोर लावला, ही दुसरी चूक, आणि एक दात वाकला. ठाण्यात परतल्यावर तर मिठाने वेगळाच रंग दाखवला. स्वयंपाकघरातल्या मिठाला पावसाळ्यात जसे पाणी सुटते, तसे चेनमध्ये आणि शिवणींत अडकलेले मीठ इथल्या हवेतला ओलावा ओढत राहिले. धुवायला मी तीन आठवडे उशीर केला होता, तेवढ्यात धातूच्या सरकपट्टीवर हिरवट गंज चढला. अशा प्रवासानंतर जॅकेट त्याच आठवड्यात धुवावे. सगळी कवचे काढून, बादलीभर साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून, सौम्य साबणाने हाताने चोळावे आणि सावलीत वाळवावे. चेनचे दात जुन्या टूथब्रशने घासून त्यांवर थोडे मेण फिरवावे, तेल लावू नये, कारण तेलाला धूळ अधिक चिकटते. माझी मुख्य चेन शेवटी बदलावी लागली. स्टेशनजवळच्या बॅग दुरुस्त करणाऱ्याने अडीचशे रुपयांत जाड प्लॅस्टिकच्या दातांची चेन बसवून दिली, आणि ती मूळ चेनपेक्षा मोकळी सरकते.

पावसाच्या अस्तराबद्दल माझे मत चांगले नाही. ते जाळीच्या आत बसते, त्यामुळे आपण कोरडे राहिलो तरी जाळी, कवचे आणि कापड पाणी पिऊन जड होतात आणि ठाण्याच्या पावसाळी हवेत दोन दिवस वाळत नाहीत. गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या सरींत आणि या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ते पुन्हा वापरून पाहिले, निष्कर्ष तोच. आता ते कपाटात आहे आणि जॅकेटावरून घालण्याचा साधा रेनकोट मी डिकीत ठेवते.

कळव्याच्या मैत्रिणीने प्रवासात माझे हाल पाहूनही मागच्या महिन्यात जाळीचेच जॅकेट घेतले, कारण तिचाही रोजचा रस्ता ठाणे-बेलापूर मार्गाचा आहे. दुकानात ती गाडीवर बसली आणि मी तिच्या कोपराची कवचे फिरवून पाहिली. पहिली तीन जॅकेटे आम्ही परत ठेवली, चौथ्याचे कवच जागचे हलले नाही.